घंटी कुठून वाजवायची

जंगली महाराज रस्त्यावर सकाळी साडेसहाला गर्दी नसते, पण माणसं असतात. उद्यानाकडे निघालेले आजी-आजोबा, कानात बोंडं घालून पळणारी पोरं, पेपर टाकून रिकाम्या कॅरिअरने परतणारा, रात्रपाळी संपवून घरी निघालेला सुरक्षारक्षक, आणि अधूनमधून हेल्मेट-गॉगलवाला एखादा, ज्याच्या सायकलच्या किमतीत सुरक्षारक्षकाचे दोन-तीन पगार निघावेत. पदपथ रुंद आहे, त्याला लागून सायकलचा पट्टा आखलेला आहे. कागदावर दोघांच्या वाटा वेगळ्या. पण पट्ट्यात कुठे विजेचा डबा येतो, कुठे बसथांबा, कुठे झाडाचा बुंधा, कुठे दुचाक्यांची रांग. मग सायकलवाला पदपथावर सरकतो, आणि पदपथावर पथारी लागली की चालणारा पट्ट्यावर येतो. 'सायकल ट्रॅक' अशी पाटी असो वा नसो, पुण्यातला जवळजवळ प्रत्येक ट्रॅक ही व्यवहारात सामायिक वाटच असते.

या वाटेवरच्या भांडणांची सुरुवात बहुतेक वेळा घंटीपासून होते. "घंटी वाजवता येत नाही का?" हे एक भांडण, आणि "कानाशी येऊन घंटी काय वाजवता?" हे दुसरं. दोन्ही तक्रारी एकाच माणसाकडून, एकाच सकाळी ऐकू येऊ शकतात, आणि गंमत म्हणजे दोन्ही रास्त असतात. घंटी वाजवली की नाही, यापेक्षा ती कुठून वाजवली याला जास्त महत्त्व आहे.

हिशोब सोपा आहे. ताशी १५ किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला सुमारे ४.२ मीटर कापते. ताशी ५ किलोमीटरने चालणारा माणूस सेकंदाला १.४ मीटर. म्हणजे मागून येणारी सायकल त्याला सेकंदाला २.८ मीटरने गाठत असते. पाच मीटरवरून घंटी वाजवली तर चालणाऱ्याच्या हातात दोन सेकंदही नसतात. वीस मीटरवरून वाजवली तर सात सेकंद मिळतात. सात सेकंदांत माणूस आवाज ऐकतो, तो कशाचा हे ओळखतो, आपण कुठे आहोत हे बघतो, सोबतच्याला कोपराने खुणावतो आणि तरी वेळ उरतो. दोन सेकंदांत तो फक्त दचकतो.

दचकलेल्या माणसाचं काय होतं, हे नीट बघण्यासारखं असतं. आधी मान वळते. मान ज्या बाजूला वळते तिकडे खांदा जातो आणि खांद्यामागोमाग पाऊल. आपल्याकडे सायकलवाला उजवीकडून पुढे जाणार असतो, आवाजही तिकडूनच येतो, म्हणून चालणारा उजव्या खांद्यावरून मागे बघतो आणि बघता बघता हातभर उजवीकडे सरकतो. नेमका सायकलच्या वाटेत. सायकलवाल्याला वाटतं, घंटी ऐकूनही हा मुद्दाम आडवा आला. चालणाऱ्याला वाटतं, मी बाजूलाच होत होतो. दोघंही खरं बोलत असतात.

म्हणून पंधरा-वीस मीटरवरून एकदा, हलकी घंटी. मग पायडल मारणं थांबवायचं आणि बघायचं. समोरच्याने मान वळवली, हात केला किंवा किंचित डावीकडे सरकला, की बातमी पोचली. परत वाजवायची गरज नाही. काहीच हालचाल दिसली नाही तर आणखी वेग कमी करून सात-आठ मीटरवरून दुसरी. तिसऱ्यांदा मात्र घंटी नाही, तोंडाने बोलायचं. सलग ट्रिंगट्रिंगट्रिंग वाजवत येणारा सायकलवाला आणि हॉर्नवर हात ठेवून येणारा रिक्षावाला यांत चालणाऱ्याच्या दृष्टीने फारसा फरक नसतो. घंटीने बातमी द्यावी, हुकूम सोडू नये.

घंटी ऐकूच न येणारेही बरेच असतात. उतारवयात ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, आणि सायकलची घंटी नेमकी तिथेच वाजते. ज्या आजोबांना शेजारच्याचं बोलणं नीट ऐकू येतं त्यांना आठ मीटरवरची घंटी ऐकू येणार नाही, हे अगदी शक्य आहे. ते हट्टी नसतात. तिथे माणसाचा आवाज लागतो. पण बोलायचं काय, यातही गोम आहे. "काका, उजवीकडून!" असं ओरडलं की काका उजवीकडे उडी मारतात. घाईत कानावर पडलेली दिशा माणूस सूचना म्हणूनच घेतो. कोण कुठून येतंय याचा उलगडा नंतर होतो. त्यामुळे दिशेचं नावच काढू नये. "काका, सरळ चालत राहा, बाजूने जातोय" हे वाक्य लांब आहे, पण काम करतं. लांब आहे म्हणूनही ते दुरून सुरू करावं लागतं, आणि वेग कमी केल्याशिवाय पुरं होत नाही.

याहून सौम्य एक आवाज सायकलमध्ये फुकट बसवलेला असतो. पायडल थांबवलं की फ्रीव्हीलची, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्रीची, कर्र कर्र सुरू होते. शांत वाटेवर ती दहा-बारा मीटरवर सहज ऐकू जाते, आणि सायकल येतेय पण जोर लावून येत नाही, हेही त्या आवाजात कळतं. पूर्वी हे सगळ्यांना न शिकवता यायचं. हल्लीच्या काही महागड्या सायकलींची हब, म्हणजे चाकाचे मधले गाभे, इतकी गुळगुळीत आणि मुकी असतात की त्या मांजरासारख्या येतात. त्यांना घंटी हवीच, आणि नेमकी त्यांच्यावरच ती नसते, कारण म्हणे हँडल सुंदर दिसत नाही. शंभर-दीडशे रुपयांची वस्तू. लावायची ती डाव्या हाताच्या अंगठ्याशी, कारण आपल्याकडे पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो आणि घंटी वाजवताना तो हात मोकळा राहिला पाहिजे.

जपानमध्ये तर पादचाऱ्याला बाजूला करण्यासाठी घंटी वाजवणंच नियमाविरुद्ध आहे. तिथे ठरावीक पदपथांवर सायकलला मुभा आहे, पण हळू चालवायची आणि माणूस वाटेत असेल तर थांबायचं. घंटी धोका टाळण्यापुरती. ब्रिटनमध्ये २०२२ च्या जानेवारीत वाहतुकीच्या नियमपुस्तकात बदल झाले, त्यात सायकलवाल्याने सामायिक वाटेवर वेग कमी करावा आणि आपण आलोय हे घंटी वाजवून किंवा सभ्य शब्दांत कळवावं, असं सांगितलंय. ऐकू न येणारा, न दिसणारा माणूस समोर असू शकतो, हेही तिथे स्पष्ट लिहिलंय. दोन देश घंटीबाबत उलट टोकांना, पण मुद्दा एकच: ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते त्याच्यावर जास्त जबाबदारी. ब्रिटिश नियमपुस्तकात हे आता पहिल्याच नव्या नियमात येतं. मोटारवाल्याने सायकलवाल्याला सांभाळायचं, सायकलवाल्याने चालणाऱ्याला. आपल्याकडचा सायकलवाला या साखळीचा पहिला अर्धा भाग तोंडपाठ म्हणतो.

जुन्या पुण्यात हा प्रश्न असा नव्हता. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलात तर पोलीस अडवायचे, आणि रस्ताभर सायकलीच सायकली. पण आठवणीत रमणारे एक गोष्ट विसरतात. त्या सगळ्या सायकली जवळजवळ एकाच वेगाने चालायच्या. जड लोखंडी सायकल, साखळीला कव्हर, धोतर किंवा पाचवारी सावरत चालवणारं माणूस. ताशी दहा-बारा किलोमीटर. चालणारा आणि सायकलवाला यांच्या वेगात फरक थोडा, म्हणून एकाच रस्त्यावर दोघं निभावून जायचे. मग स्कूटरी आल्या, १९७२ मध्ये लूना आली, जिला पायडलही होतं आणि इंजिनही, आणि रस्त्याचा वेग वर गेला. सायकलवाला कडेला ढकलला गेला, आणि कडेला आधीच चालणारा होता. आज ट्रॅकवर जे दोघं एकमेकांवर वैतागतात ते दोघंही मूळ रस्त्यावरून विस्थापित झालेले आहेत.

रुंदीचं गणित एकदा मांडूनच बघावं. चालणाऱ्या माणसाला हात हलवायला धरून पाऊण मीटर लागतो. दोघं गप्पा मारत चालले की दीड मीटर. सायकलचं हँडल साठ-पासष्ट सेंटीमीटरचं असतं, पण सायकल कधीच तारेवरून गेल्यासारखी सरळ जात नाही. दोन्हीकडचं डुलणं धरून एक मीटर लागतो. दोघांच्या मधे निदान अर्धा मीटर मोकळा हवा. बेरीज तीन मीटर. म्हणजे दोन माणसं गप्पा मारत चाललीयेत आणि एक सायकल सुखाने पुढे गेली, एवढ्या साध्या प्रसंगाला तीन मीटर वाट लागते. समोरून दुसरी सायकल आली तर तेही पुरत नाहीत. भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलंय. 'मोकळी' हा शब्द महत्त्वाचा. झाडाचं आळं, दिव्याचा खांब, डबा आणि पायऱ्यांचा पुढे आलेला दगड सोडून जी उरते ती. १.८ मीटरमध्ये गप्पा मारणारं जोडपं बसतं, सायकल बसत नाही. तिथे सायकलवाल्याने पुढे जाण्याचा नादच सोडावा. मागे मागे जावं, रुंद जागा आली की जावं. पाच-सात सेकंद जातात.

यावर लगेच उपाय सुचतो की सायकलवाल्यांनी चालण्याच्या वेगाने चालवावं. सांगायला ठीक, पण सायकलचा तोल वेगावर असतो. ताशी दहा किलोमीटरच्या खाली हँडल जास्त हलायला लागतं, आणि पाच-सहावर तर नवखा माणूस नागमोडीच जातो. म्हणजे फार हळू चालवणाऱ्याला उलट जास्त रुंदी लागते. त्यामुळे व्यवहारातला मध्य असा: मोकळ्या जागी १५, माणसं दिसली की १० ते १२, आणि दाटी असेल तर उतरायचं. पाचच्या वेगाने गर्दीतून वाट काढत डुलत जाण्यात कसब दिसतं, पण त्याचा ताण बाजूने चालणाऱ्यांच्या पोटऱ्यांवर येतो.

वेगाचं दुसरं टोक ब्रेक. समोर काहीतरी आडवं आलं हे भानावर यायला एक सेकंद, जमीन कोरडी, दोन्ही ब्रेक ठीक, असं धरलं तर ताशी १० च्या वेगाने सायकल साधारण ४ मीटरमध्ये थांबते. १५ ला ७ मीटर. २५ ला १५ मीटर. १५ चे २५ झाले तर वेग दुप्पटही झाला नाही आणि थांबायचं अंतर दुपटीहून जास्त. आता पावसाळा घ्या. जुन्या पद्धतीच्या सायकलीला चकचकीत स्टीलची रिम असते. ओल्या रिमवर ब्रेकचं रबर पहिल्या एक-दोन फेऱ्या नुसतं पाणी पुसत बसतं, आणि चाकाची एक फेरी म्हणजे दोन मीटरहून जास्त. त्यात अर्ध्या सायकलींचा पुढचा ब्रेक कधीच तुटून गेलेला असतो आणि मालकाने तो मुद्दाम बसवलेला नसतो, कारण पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटतो अशी पक्की समजूत. खरी गोष्ट अशी की थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होऊन घसरतं. फक्त मागच्या ब्रेकवर थांबायला जवळपास दुप्पट जागा लागते. उलटतो तो एकदम करकचून दाबणारा, आणि तेही अंग पुढे झुकलेलं असेल तर.

तपासायला अर्धं मिनिट लागतं. सायकल हातात धरून चालत पुढे ढकलायची आणि पुढचा ब्रेक दाबायचा: मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मग मागचा दाबायचा: चाक अडून फरफटलं पाहिजे. ब्रेकची मूठ हँडलला टेकत असेल तर तार सैल आहे. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर रबर बदलायचं, नाहीतर आतला धातू रिम खातो. सामायिक वाटेवर जायचं तर घंटीच्याही आधी हे.

आपल्याकडचा मोटार वाहन कायदा साध्या सायकलला लागू नाही, म्हणून सायकलवाल्याला कायदाच नाही असा एक गोड गैरसमज आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये सार्वजनिक वाटेवर बेदरकारपणे वाहन चालवण्याबद्दल शिक्षा आहे आणि तिथे 'कोणतंही वाहन' असं म्हटलंय. जुन्या दंडविधानात तेच २७९ होतं. ब्रिटनमध्ये सायकलची धडक बसून माणूस दगावला तर खटला १८६१ च्या, घोडागाड्यांच्या काळातल्या कलमाखाली चालवावा लागल्याची उदाहरणं आहेत. असो. ट्रॅकवर पोलीस दिसत नाही, त्यामुळे हा परिच्छेद इथेच संपतो.

चालणाऱ्याकडून काय हवं? फार थोडं, पण ते थोडं महत्त्वाचं. त्याने सरळ रेषेत चालावं अशी अपेक्षा करणंच चूक. माणूस थांबतो, मोगऱ्याचे गजरे बघतो, फोन काढतो, ओळखीचं कोणी दिसलं की तिरका जातो. चालण्याचं सुखच ते. फक्त बाजू बदलण्याआधी मागे एक नजर टाकावी, आणि थांबायचं असेल तर कडेला होऊन थांबावं. चौघं आडवे चालत असतील तर घंटी ऐकल्यावर दोघं मागे व्हावेत. दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे अशी फाळणी करू नये. फाळणी झाली की सायकलवाला मधल्या फटीतून जातो, आणि नेमकं त्याच वेळी उजवीकडच्या दोघांपैकी एकाला वाटतं, आपण डावीकडे जावं.

शाळेत सगळ्यांना 'नेहमी डाव्या बाजूने चालावे' शिकवलेलं असतं. पदपथ नसलेल्या रस्त्यावर मात्र उजव्या कडेने, येणाऱ्या गाड्या समोर दिसतील असं चालणं जास्त सुरक्षित. हे दोन्ही बरोबर आहेत, आणि सामायिक वाटेवर आल्यावर त्यांचा घोळ होतो. निम्मे लोक डावीकडे, निम्मे 'समोरून येणारं दिसलं पाहिजे' म्हणून उजवीकडे, आणि सायकलवाल्याला नागमोडी जाण्यावाचून गत्यंतर नाही. गाड्या नसलेल्या वाटेवर सगळ्यांनी डावीकडून चालावं, पुढे जाणाऱ्याने उजवीकडून जावं. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता दोन्ही एकेरी असल्यामुळे आणखी एक पेच होतो. गाडी उलट नेता येत नाही, पण पट्ट्यावरून सायकल उलट नेता येते, आणि वळसा वाचत असेल तर नेली जाणारच. त्यामुळे एका दिशेचा धरून आखलेला पट्टा पहिल्या दिवसापासून दुहेरी होतो. उलट येणाऱ्याने आपण पाहुणे आहोत हे लक्षात ठेवून आधी थांबावं, एवढंच म्हणता येतं.

पळणाऱ्यांची एक खास सवय असते. त्यांची फेरी एखाद्या ठरलेल्या खुणेला संपते, खांब किंवा फाटक, आणि तिथे पोचताच ते मागे न बघता जागच्या जागी गर्रकन वळतात. घड्याळातले सेकंद वाचवायचे असतात. त्यांच्या मागे पाच-सहा मीटर अंतर ठेवावं, आणि खुणेच्या जागा माहीत असल्या तर जास्तच.

कुत्र्याचं वेगळं. कुत्रा आणि मालक यांच्या मधली दोरी पहाटेच्या उजेडात दिसत नाही. मालक डाव्या कडेला आणि कुत्रा उजव्या कडेला हुंगत असेल तर मधली मोकळी वाट मोकळी नसते. तिथून जायचं नाही, कितीही रुंद वाटली तरी. थांबायचं, मालकाने दोरी आखडली की जायचं. लांबणारी दोरी तर पाच मीटरपर्यंत जाते.

आणि लहान मूल. मूल घंटी ऐकून कडेला जात नाही, आईकडे जातं. घंटी वाजवण्याआधी बघायचं ते मुलाकडे नाही. आई, बाबा, आजी कुठे उभे आहेत ते बघायचं. ते वाटेच्या दुसऱ्या बाजूला असतील तर घंटी वाजली की मूल वाट ओलांडणार, हे ठरलेलं. तिथे घंटी न वाजवता पाय टेकून थांबणं बरं. दोन छोटी चाकं लावलेली सायकल शिकणारं पोर असेल तर ते जिकडे बघतं तिकडेच जातं, आणि ते तुमच्याकडे बघणार.

पांढरी काठी घेतलेल्या माणसाबद्दल थोडं. पदपथावर पिवळ्या फरशा असतात, काहींवर लांब उभ्या रेघा, काहींवर गोल ठिपके. रेघा म्हणजे या दिशेने चालत राहा, ठिपके म्हणजे थांबा, पुढे उतार, वळण किंवा रस्ता आहे. सायकलवाल्यांना ही पिवळी पट्टी आपल्यासाठी आखलेली वाटते, कारण ती सरळ जाते. त्यावरून जाऊ नये आणि त्यावर सायकल तर लावूच नये. काठी फरशीवर टेकत चालणाऱ्याला घंटीच्या आवाजाने सायकल आहे हे कळतं, कुठे आहे ते नीट कळत नाही. "दादा, तुमच्या मागे सायकल आहे, मी थांबलोय" एवढं सांगून खरंच थांबावं. रंगाने आखलेली रेघ त्यांच्या कामाची नसते. पट्टा आणि पदपथ यांत उंचीचा फरक हवा. काठीला आणि पायाला खात्रीने जाणवायला तो निदान ६० मिलिमीटर लागतो, असं ब्रिटनमधल्या अभ्यासावरून मानलं जातं. आपल्याकडे सहसा दोन्ही एकाच पातळीवर असतात आणि मधे रंग असतो, जो दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही.

आता तिसरा पक्ष. ट्रॅकवर स्कूटर चढते तेव्हा चालणारा आणि सायकलवाला क्षणभर एकत्र येतात. उपाय म्हणून तोंडाशी खांब रोवले जातात, आणि ते का चालत नाहीत याचं उत्तर पुन्हा सेंटीमीटरमध्ये आहे. चाकाच्या खुर्चीला जायला ९० सेंटीमीटर फट लागते. स्कूटरची रुंदी साधारण ७०. खुर्ची जाईल अशी फट ठेवली की स्कूटर जाणारच. स्कूटर अडेल अशी ठेवली की खुर्ची आणि पिशव्या लटकवलेली सायकल दोन्ही अडतात. नागमोडी लोखंडी फाटकं त्याहून वाईट, तिथे मागे कॅन लावलेला दूधवाला वळूच शकत नाही. खांब दिसतील असे रंगवलेले नसले तर संध्याकाळी सायकलवाल्याच्या गुडघ्यावर येतात, तो भाग वेगळा. त्यात आता कमी वेगाच्या विजेच्या स्कूटरी आल्यात. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असेल तर नोंदणी नाही, परवाना नाही. सामान पोचवणारी पोरं त्या चालवतात, त्यांना मिनिटं मोजून मिळतात, आणि ट्रॅक मोकळा दिसतो. पंचवीसच्या वेगाला थांबायचं अंतर वर दिलंय. स्कूटरचं वजन त्यात धरलेलं नाही.

वाटेची जमीन हा स्वतंत्र विषय, पण दोन-तीन गोष्टी माणसांच्या वागण्यावर थेट परिणाम करतात. चेंबरचं झाकण पातळीच्या खाली बसलेलं असेल तर सायकलवाला ते चुकवायला ऐनवेळी हात-दीड हात बाजूला घेतो, आणि बाजूला माणूस असतो. पाणी जाण्याच्या जाळीच्या पट्ट्या वाटेच्या दिशेने असतील तर बारीक टायर त्यात अडकतो. त्या आडव्या हव्यात. पेव्हर ब्लॉकवर सावलीच्या जागी जुलै-ऑगस्टमध्ये शेवाळ धरतं आणि मे-जूनमध्ये गुलमोहराच्या पाकळ्यांचा सडा पडतो. फोटोला सुंदर, पहिल्या सरीनंतर साबण. अशा जागी वळताना ब्रेक लावायचा नाही. आधी सरळ असताना वेग कमी करायचा, मग वळायचं. चालणाऱ्यांनाही ते माहीत असतं, म्हणून तेही नेमकी तीच कोरडी हातभर पट्टी पकडून चालतात जी सायकलवाल्याला हवी असते.

रात्री दिवा हवा, पण तो खाली झुकलेला. रस्त्यावर मोटारवाल्याला दिसावं म्हणून लावलेला लुकलुकणारा पांढरा दिवा सामायिक वाटेवर समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो. डोळे दिपलेला माणूस जागच्या जागी थांबतो किंवा हात आडवा धरून पुढे येतो, आणि दोन्हीत त्याला पायाखालचं काही दिसत नाही. दिवा स्थिर ठेवायचा, प्रकाशाचा गोल सात-आठ मीटरवर जमिनीवर पडेल असा. मागचा लाल लुकलुकला तरी चालतो. चालणाऱ्याने काळे कपडे घालू नयेत असं सांगण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. बागेत फिरायला निघालेल्या माणसाने चकाकणारं जाकीट कशाला घालावं? ज्याला वेग हवा त्याने उजेड आणावा.

बसथांब्यापाशी मात्र सगळे हिशोब कोलमडतात. पट्टा थांब्याच्या मागून किंवा पुढून जातो, बस आली की तीस-चाळीस माणसं एकदम ओलांडतात, आणि त्यांचं लक्ष पाटीवर असतं, पट्ट्यावर नाही. तिथे घंटी निरुपयोगी. लांबून बस येताना दिसली की पायडल थांबवावं आणि थांब्याआधी उतरावं.

उतरल्यावर सायकलवाला चालणारा होतो, पण सायकलसकट तो मीटर-सव्वा मीटर जागा अडवतो. सायकल कशी धरावी यालाही रीत आहे. साखळी उजवीकडे असते, म्हणून कपड्यांना तेल लागू नये यासाठी आपण सायकलच्या डावीकडे चालतो. वाटेच्या डाव्या कडेने असं गेलं की आपण कडेला आणि साखळी-पायडल गर्दीच्या बाजूला. आपली विजार वाचते, दुसऱ्याची साडी जाते, आणि उजवं पायडल पुढे आलेलं असलं तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नडगीवर बसतं. दाटीच्या जागी सायकल कडेच्या बाजूला घ्यावी आणि आपण गर्दीच्या बाजूला राहावं. साखळी तेव्हाही उजव्याच बाजूला, म्हणजे आपल्या पायाशी येते. विजारीच्या डाव्या पायाला एक क्लिप लावावी, किंवा जुने लोक करायचे तसं विजार मोज्यात खोचावी.